पर्ली आत्याची डावी टाच

आयडेला टॉलिव्हर अंडी तळतानासुद्धा मोजायची. एक, दोन, तीन, चार. आणि बारा झाले की उलथनं अंड्याखाली गेलंच पाहिजे, मग अंड्याची तयारी असो वा नसो. जिना चढताना तेच, केस विंचरताना तेच. ही खोड काही तिची जन्माची नव्हती. छप्पन्नाव्या वर्षी युरोपात लागली आणि गोचिडासारखी चिकटून बसली.

"अंडं करपलं!" ओसरीवरून पर्ली आत्या ओरडली. "तुझे बारा व्हायचे असतील, त्याचं कधीच झालं होतं."

"खा मुकाट्यानं. मिरचीचा सॉस ओत म्हणजे कळणार नाही."

"चौऱ्याऐंशी वर्षं झाली, मला सगळं कळतं."

सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे अमेरिकेतल्या कामगार दिनाची सुट्टी होती. मागच्या अंगणात खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर दोन बोकड पहाटेपासून भाजत होते आणि आत्याचा मुलगा होझिया त्यांना फडक्यानं व्हिनेगर चोपडत होता. दुपारी सगळं ब्रशी क्रीक गाव इथं लोटणार होतं. आयडेलाच्या बापाच्या वेळेपासून ही पिकनिक याच अंगणात होत आली होती, आणि त्यात टॉलिव्हरांपैकी कुणीतरी गिटार वाजवायचं, लोकांनी नाचायचं, हा रिवाज. पण गेल्या वर्षी आयडेलानं वाजवलं आणि कुणीही नाचलं नाही. बारा देशांत गाऊन आलेली बाई, स्वतःच्या अंगणात नापास झाली. तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, पुढच्या पिकनिकला लोक उठले नाहीत तर या अंगणात पुन्हा गिटार काढायची नाही. ती पुढची पिकनिक आज होती.

तिची गिटार सुरू झाली ती भिंतीवर. आठ वर्षांची असताना तिनं केरसुणीची तार सोडवून घराच्या फळीवर दोन खिळ्यांमध्ये ताणली, खाली तपकिरीची रिकामी बाटली सरकवली आणि दुसऱ्या बाटलीनं ती तार घासत बसली. अख्खं घर घुमायचं. आई नव्हती, आत्यानंच वाढवलेलं. आत्या आतून ओरडायची, "एल्बर्ट, तुझी लेक माझं घर वाजवतेय!" आणि बाप, एल्बर्ट टॉलिव्हर, खूश होऊन हसायचा.

शनिवारी संध्याकाळी त्याच घरातली खाट बाहेर काढून लोक नाचायचे. एल्बर्ट एका बुटक्या खुर्चीत बसून वाजवायचा. साधी वेताची खुर्ची होती, तिचे चारही पाय त्यानं करवतीनं वीतभर कापले होते. लोक हसायचे, "एल्बर्ट, कोंबडीसारखा काय बसतोस?" तो आपला वाजवत राहायचा. आयडेला त्याच्या बोटांकडे टक लावून बघत राहायची, तर एकदा त्यानं तिची मान धरून खाली वाकवली.

"हाताकडे काय बघतेस? हात नुसते हुकुमाचे ताबेदार. गाणं तिच्या टाचेत आहे, तिथं बघ."

ती टाच पर्ली आत्याची. आसपासच्या दहा मैलांत आत्यासारखं नाचणारं कुणी नव्हतं. ती उड्या मारत नसे, गिरक्या घेत नसे. गुडघे जरा वाकवून, कमरेत झुलत, डावी टाच उचलून धरायची आणि ठेवायची नाही. सगळं घर वाट बघायचं. एल्बर्ट तोच सूर घोळवत राहायचा, घोळवत राहायचा. मग आत्याला वाटेल तेव्हा ती टाच फळीवर आदळायची, त्याच क्षणी एल्बर्ट सूर पालटायचा आणि घरभर आरोळी उठायची. कधी लगेच, कधी कितीतरी वेळानं. त्या घरात कधी कुणी मोजलं नव्हतं. मोजणार काय, आत्यालाच ठाऊक नसायचं.

एकोणिसाव्या वर्षी आयडेला लग्न करून मेम्फिसला गेली. नवरा ल्यूशियस भला माणूस होता, फक्त त्याला गिटारचा आवाज सोसत नसे आणि तिला त्याचं गप्प बसणं. चार वर्षांनी दोघं न भांडता वेगळे झाले. पुढं वीस वर्षं तिनं लाँड्रीत शर्टांना इस्त्री केली आणि शनिवारी दुपारी रस्त्याच्या कोपऱ्यावर गायली. त्या दिवसांबद्दल ती कधी कुरकुरली नाही. "शर्टाला कॉलर आधी, मग बाही," ती सांगायची. "गाण्याला आधी पोट, मग गळा. दोन्ही जमलं की माणूस उपाशी राहत नाही."

बाप आजारी पडला तेव्हा ती घरी परतली. तो गेला, खुर्ची राहिली, आणि ती खुर्चीत बसली. मध्ये काही वेळ गेलाच नाही असं लोक नाचले. मग एके दिवशी विद्यापीठाचा एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन एल्बर्टचा पत्ता विचारत आला.

"तो तर गेला," आयडेला म्हणाली.

माणूस हळहळला आणि गाडीकडे वळला.

"अहो, मी आहे की," ती म्हणाली. त्यानं संध्याकाळपर्यंत चार टेपा भरल्या.

त्यातून तबकडी निघाली, तबकडी हॉलंडच्या योस्त नावाच्या तरुणापर्यंत पोचली, आणि छप्पन्न वर्षांच्या आयडेलाच्या हातात आयुष्यातला पहिला पासपोर्ट आला. योस्त स्वतः बेस गिटार वाजवायचा आणि दौरेही जमवायचा. पहिलाच कार्यक्रम रॉटरडॅमला. आयडेला उंच स्टुलावर बसली. समोर इतके दिवे की पलीकडे माणसं आहेत की मेंढरं, काही दिसेना. ती आपली गायली, जीव भरला तिथं सूर पालटला. पण योस्तनं तो आधीच पालटला होता आणि ड्रमवाला आणखी तिसरीकडेच. एक खेचर बांधाकडे, दुसरं गोठ्याकडे, असा नांगर चालला होता.

"आयडेलाबाई," कार्यक्रमानंतर योस्त काकुळतीला येऊन म्हणाला, "तुम्ही गाता त्या ब्लूज गाण्याला बारा घरं असतात. प्रत्येक घरात चार ठोके. बारावं संपलं की नवी ओळ."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच."

"मला नाही कुणी विचारलं."

"विचारायला हवं होतं," योस्त म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला की तिलाच त्याची दया आली. ती मोजायला शिकली. तो वाजवता वाजवता तिच्याकडे वळून ओठ हलवून मोजायचा, नऊ, दहा, अकरा. ती बाराला पालटायची. महिन्याभरात त्याचीही गरज उरली नाही. उशिरा शिकलेली गोष्ट माणूस जिवापाड सांभाळतो, तसं तिचं झालं.

आणि खरं सांगायचं तर तिला तिकडं आवडायचं. बसच्या खिडकीशी बसून झोप काढणं आवडायचं, हॉटेलातले छोटे साबण आवडायचे. ते आत्यासाठी पिशवी भरून यायचे. कॉफीचा कप मात्र बाहुलीच्या भातुकलीतला. दर दौऱ्याला ती मक्याचं पीठ बरोबर न्यायची. एकदा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ती पिवळी पुडी संशयानं उघडली, तर हिनं त्याला मक्याची भाकरी कशी करायची ते रांग खोळंबवून समजावलं. लोक तिच्या गाण्यावर रडायचे, उभे राहून टाळ्या वाजवायचे, फुलं द्यायचे. गाढ झोप लागावी इतकं सुख होतं त्यात.

गेल्या वर्षी तिला तिकडं एक मोठं बक्षीस मिळालं. होझियाची छाती फुगली. "आमची आयडे आता कोंबडीसारखी बसणार नाही," म्हणत त्यानं लाकडं वाहायच्या त्याच्या ट्रेलरवर फळ्या ठोकल्या, गालिचा अंथरला आणि मेम्फिसच्या एका बंद पडलेल्या बारमधून उंच स्टूल आणलं. आयडेला वर चढली, बारा बारा मोजून अचूक वाजवलं. लोकांनी ट्रेलरसमोर रांगा केल्या, गप्प उभं राहून ऐकलं आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! ब्रशी क्रीकमध्ये टाळ्या परक्याला वाजवतात. आमदार येतो, त्याला वाजवतात. आपल्या माणसाच्या गाण्यावर लोक ओरडतात, अंगावर येतात, "अजून घोळव, सोडू नकोस!" म्हणतात. आयडेलाला ते आवाज गालावर बसल्यासारखे लागले. त्या दिवशी ती म्हणाली जमीन ओली होती, लाउडस्पीकर फाटका होता, पोरं हल्ली बिघडलीत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं वाजवणारीचंही असतं.

वर्षभर तिनं एकच निष्कर्ष काढला, आपलं मोजणं कुठंतरी चुकत असणार. योस्तकडून तिनं टिकटिक करणारं लाकडी यंत्र मागवलं आणि अख्खा उन्हाळा ओसरीवर त्याच्यासमोर बसून बारा घरं घोटली. रोग एक आणि औषध भलतंच. बाजूला आत्या बसलेली असायची. वसंतात अंगणात पडून तिच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, पाय वर ठेवा. तेव्हापासून तो पाय पुढ्यात एका पाटासारख्या वस्तूवर, उशी ठेवून, टेकलेला असायचा.

"ते घड्याळ बंद कर," आत्या म्हणायची. "माझ्या कानात अंडी घालतंय."

"आत्या, यंदा एकही ठोका चुकणार नाही."

"नाही चुकणार? अरेरे," आत्या म्हणायची आणि तपकीर ओढायची.

दुपारी चारला गाड्यांनी रस्ता भरला. बोकड उतरले, मासे तळले गेले, रताळ्याचे केक झाकणाखालून निघाले. होझियानं ट्रेलर झाडून पुसून ठेवला होता. यंदा कठडाही ठोकला होता. आयडेला तांबडा झगा घालून वर चढली, स्टुलावर बसली. होझिया त्याचा मोठा ढोल घेऊन मागं बसला. आत्याला गावातल्या दोघा जणांनी खुर्चीसकट उचलून अंगणाच्या कडेला, ट्रेलरपाशी सावलीत आणून ठेवलं. पायाखालची वस्तूही आली.

आयडेलानं सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा, बारा. पालट. नऊ, दहा, अकरा, बारा. पालट. एकही ठोका चुकला नाही. खाली लोक जमले. ताटं हातात घेऊन, माना वर करून उभे राहिले. एका बाईनं खांदा हलवला, पुढचा सूर कधी येणार ते तिला आधीच कळलं, आणि खांदा थांबला. गाणं संपलं. टाळ्या पडल्या.

आयडेलाचे डोळे भरून आले. तिनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. संपलं, तिला वाटलं. बापाच्या अंगणातलं माझं वाजवणं आज संपलं.

"होझिया," ती मागं न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून रेकॉर्डवाला बोलाव."

"आयडे, काहीतरी बोलू नकोस. छान झालं. केवढ्या टाळ्या!"

"त्याच तर."

"ए पोरी!" खालून आत्याचा आवाज आला. "तिथं वर काय उपदेश करायला बसलीस का? पाद्रीबुवासमोर कोण नाचतं?"

लोक खोखो हसले. आयडेलाही रडता रडता हसली. "मग काय करू? सगळं बरोबर वाजवलं की!"

"बरोबर वाजवायला तुला कुणी सांगितलं? माझ्या आयुष्यात एल्बर्टनं एकदा बरोबर वाजवलं नाही. तिथून तुला दिसतंय तरी काय?"

आयडेलानं खाली पाहिलं. हॅट दिसल्या. टकलं दिसली, रिबिनी दिसल्या, ताटातली हाडं दिसली. कठड्याच्या वरून सगळं गाव दिसलं आणि एकाचाही पाय दिसला नाही. ती तशीच बघत राहिली. मग उठली आणि गिटार घेऊन ट्रेलरवरून उतरू लागली.

"अगं, कुठं निघालीस?" होझिया कळवळला. "आठवडाभर ठोकत होतो तुझ्यासाठी!"

"ठाऊक आहे, राजा. पण खाली ये. ढोल घेऊन ये." आत्यासमोर येऊन ती म्हणाली, "आत्या, बाबाची खुर्ची कुठाय?"

"डोळे आहेत का भोकं? चार महिने माझा पाय कशावर आहे?"

आयडेलानं उशीची कड उचलली. खाली वेताची बुटकी खुर्ची. उन्हाळाभर ती हिच्या समोर होती आणि ही समोरच्या यंत्राकडे बघत बसली होती. आयडेलाला स्वतःची लाज वाटली.

"राहू दे," ती म्हणाली. "डॉक्टरनं पाय वर ठेवायला सांगितलंय."

"डॉक्टर नाचतो का?" आत्या म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी मांडी धरली, दात आवळले आणि डावा पाय हळूहळू मातीवर उतरवला. "घे. बस. पण मातीवर टाच वाजत नाही, आधीच सांगते."

यावर होझिया ट्रेलरकडे गेला. स्वतः ठोकलेल्या फळ्यांपैकी एक त्यानं पहारीनं उचकटली, खिळे कडाकडा निघाले. ती आणून त्यानं आईच्या पायाखाली सरकवली. "हं," तो म्हणाला, "एवढ्यासाठी गालिचा झटकला मी." पण तो हसत होता.

आयडेला बुटक्या खुर्चीत बसली. डोळ्यांसमोर आत्याचे काळे बूट आले. चार महिने न चाललेला तो डावा पाय घोट्यापाशी सुजलेला होता. तिनं बापाचं जुनं गाणं धरलं, शनिवारी सगळ्यात शेवटी वाजायचं ते. आत्याची टाच हळूच उचलली गेली, बोटभरच, आणि थरथरत तिथं थांबली.

आयडेलाच्या डोक्यात आकडे होतेच. ते काय एका दिवसात जातात? आठ, नऊ, दहा. टाच वर. अकरा, बारा. हात पालटायला धावले. तिनं त्यांना धरलं. टाच वरच होती. तेरा. मागं कुणीतरी म्हणालं, "घोळव, आयडे!" चौदा. आत्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच जुनं खट्याळ हसू आलं होतं, सगळ्या घराला तिष्ठत ठेवण्याचं. त्याच्यापुढचा आकडा आयडेलाला आठवला नाही. आठवण्याची गरजच वाटली नाही. ती नुसती बघत राहिली, सूर घोळवत राहिली. तिला फळीवर नाचणारी तरणी आत्या दिसली, बापाचा वाकलेला पाठीचा कणा दिसला. आणि तिला लख्ख कळलं की ही टाच या जगात अजून आहे, तोवरच हे गाणं असं आहे.

टाच आदळली. आवाज क्षीण होता, पण फळीनं तो धरला. आयडेलानं सूर पालटला, होझियाचा ढोल बरोबर त्याच क्षणी पडला, आणि ब्रशी क्रीकनं आरोळी ठोकली. ताटं गवतावर गेली. मघाची ती खांदेवाली बाई पहिली नाचायला पुढं आली. मग दहा, मग चाळीस. धूळ उडाली. पुढची पालट कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे गुडघे वाकवून वाट बघत झुलत होते. बाप्ये "सोडू नकोस, सोडू नकोस!" म्हणून ओरडत होते, आणि आत्या सोडत नव्हती.

ते एकच गाणं सूर्य झाडांमागं जाईपर्यंत चाललं. थांबलं तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. लोक एकमेकांच्या खांद्यावर रेलून हसत होते, शिव्या देत होते, पाणी मागत होते. होझिया ढोलावर डोकं टेकून पडला होता. आयडेलानं गिटार खाली ठेवली, गुडघ्यांवर पुढं सरकली आणि आत्याचा पाय मांडीवर घेऊन बुटाची नाडी सैल केली.

"दुखतोय?"

"मरणाचा," आत्या समाधानानं म्हणाली. "किती झाले गं? तेरा की चौदा?"

आयडेला तिची टाच चोळत होती. सगळे आकडे शोधून पाहिले तरी तिला एकही सापडेना.

"मोजायचं राहूनच गेलं, आत्या."

"मग बरंय," पर्ली आत्या म्हणाली. "जा, आता माझ्यासाठी बोकडाची फासळी आण. आणि उद्याची अंडीही अशीच न मोजता तळ."